वाघबारशीला सुटलेलं पथ्य

माझे वडील गेले तेव्हा मी मराठी चौथीत होतो. जव्हार संस्थानात, वांगणीजवळच्या आमच्या पाड्यावर बारा घरं, त्यांत सगळ्यांत कमी जमीन आमची. भाताची दोन खाचरं आणि डोंगराच्या उतारावर नागलीचा एक तुकडा, बस. फाल्गुनात भात संपायचं, चैत्रात नागली संपायची आणि मग लाकडाच्या मोळ्या वाहायच्या किंवा रानातले कंद खणायचे. देऊकाका म्हणाला, पोराला शाळेतून काढ, गुरांमागं घाल. आई म्हणाली, नाही. एवढ्या एका शब्दावर तिनं पुढची बारा वर्षं काढली. जव्हारला शाळेत असताना, आणि पुढं दरबारच्या मदतीनं नाशिकला कॉलेजात असताना मी दोन वेळा जेवत होतो. आई काय जेवते हे मी कधी विचारलं नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला बसलो आहे तर खरंच लिहितो.

मी बी.ए. झालो. आमच्या पाड्यातलाच नव्हे, आजूबाजूच्या दहा पाड्यांतला पहिला. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, उगाच विनयानं खोटं कशाला सांगू? जव्हारच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली आणि मी आईला आणायला घरी गेलो. दारात पाऊल टाकलं तोच वास आला. आई कोपऱ्यात बसली होती आणि डाव्या पायावर तिनं पळसाची पानं बांधली होती. पानं सोडली तर घोट्याच्या वर आतल्या बाजूला तळहाताएवढी जखम. तळ पिवळट, कडा पांढऱ्या फटक, आणि सारखं पाणी गळत होतं. चार वर्षांपूर्वी मोळी घेऊन उतरताना कारवीचा तुटका खुंट घुसला होता. मी येई तेव्हा ती लुगडं खाली ओढून बसायची आणि "जरा खरचटलंय" म्हणायची. मी तेवढ्यावर समाधान मानायचो, कारण मला परीक्षेला परत जायचं असायचं.

आता मी शिकलेला माणूस. मी कामाला लागलो. आईला जव्हारला नेलं, दवाखान्यात दाखवलं, धुवायचं लाल पाणी आणलं, मलम आणलं, स्वच्छ कापडाच्या पट्ट्या आणल्या. डॉक्टर भले गृहस्थ होते, त्यांनी मनापासून इलाज केला. महिनाभर बांधलं की जखम किंचित आकसायची, पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यासारखी. असं वर्ष गेलं. आईला जव्हारची खोली मानवेना, ती पाड्यावर परतली. भाद्रपदात पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि ताप येऊ लागला. मी डॉक्टरांना पाड्यावरची हकिकत सांगितली. ते म्हणाले, "दिवाळीच्या तोंडावर मुंबईचे सर्जन इथं दोन दिवस येणार आहेत. आईंना घेऊन या. माझ्या मते पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. नाहीतर जीव जाईल."

आमच्या डोंगरात पाय नसलेल्या बाईचं काय होतं, ते सांगायला नको. पाणी तिकडं खाली ओढ्याला, शेत तिकडं वर उतारावर. मी आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बघू, वाघोबाच्या मनात काय हाय ते."

मला तेव्हा रागच आला. कॉलेजात गेल्यापासून मी देवापुढं हात जोडले नव्हते. पाड्याच्या शिवेवर शेंदूर फासलेल्या लाकडी फळीवर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले असतात, तो आमचा वाघोबा. लहानपणी मी त्याच्यापुढं लोटांगण घातलं होतं. बी.ए. झाल्यावर तो मला कोरलेलं लाकूड दिसू लागला होता.

निघायच्या दिवशी पहाटे घोंगडीची डोली बांधली. बांबू एका टोकाला देऊकाकाच्या खांद्यावर, दुसऱ्या टोकाला चुलतभाऊ सवऱ्याच्या. पाड्याबाहेर शंभर पावलं गेलो नसू, तर बांबू मधोमध कडाडला. चांगला जून, वाळलेला बांबू! आई अलगद खाली टेकली, लागलं नाही, पण दुसरा बांबू तोडून, तासून, बांधीपर्यंत दिवस गेला. मी चिडून नुसता फेऱ्या मारत होतो. सर्जनच्या दोन दिवसांतला एक आमच्या अंगणातच संपला. पण दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत पोचलो तर गाठता येणार होतं.

दुसऱ्या दिवशी होती वाघबारस. ते माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

दुपार व्हायला आली तेव्हा आम्ही वाटेवरच्या एका पाड्याच्या शिवेवर पोचलो. तिथं वाघोबापुढं सगळा पाडा जमला होता. गुरं शेण-मातीनं सारवलेल्या जागेभोवती उभी, गुराखी काठ्या घेऊन, तीन दगडांच्या चुलींवर मोठी भांडी. कोंबडी शिजत होती, उडदाची आमटी उकळत होती, तांदळाच्या भाकरी थापल्या जात होत्या. आमच्याकडं वाघबारशीची रीत अशी की देवाचं जेवण शिवेवरच शिजवायचं, शिवेवरच संपवायचं, घरी कणभर न्यायचं नाही. जेवण उरकून गुरं शीव ओलांडीपर्यंत कुणी इकडचं तिकडं जायचं नाही. आणि त्या वेळात वाटसरू आला, तर तो देवाचा पाहुणा. त्यानंही पंगतीला बसायचं.

दोन गडी काठी आडवी धरून उभे राहिले. मी पुढं झालो. "आम्हाला सोडा. आजारी माणूस आहे. आज जव्हार गाठायचं आहे."

"जेवा आन् जा."

"अरे, वेळ नाही! मी जव्हारच्या शाळेतला मास्तर आहे, बी.ए. झालेला आहे, मी सांगतो..."

त्यातला थोरला हसला. "बी.ए. असशील दादा. पण वाघ इचारतो का, बी.ए. कोण आन् गुराखी कोण?"

सगळी पंगत हसली. देऊकाकासुद्धा खाली बघून हसला, ते मी पाहिलं. डोली उतरवावी लागली. संतापानं माझे कान तापले होते. मनात एकच हिशेब चालला होता, इथून जव्हार किती कोस आणि सूर्य किती वर.

पानं मांडली. मी बसलो, काका बसला, सवऱ्या बसला. आईपुढं पान ठेवलं तशी तिनं हात मागं घेतले. "माला नुसती पेज द्या. नायतर कोरी भाकर, मिठासंगं."

वाढणारी बाई थबकली. "का गं बाय?"

आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या आईनं आपलं पथ्य उघड सांगितलं. पायाला जखम झाली त्या वर्षी पाड्यातल्या जाणत्या बायांनी तिला सांगितलं होतं: अंडं खाऊ नको, कोंबडी-मासळी खाऊ नको, पू धरतो. उडीद, तूर वातूळ, ठणका वाढतो. आवळा, चिंच आंबट, जखम चिघळते. पालाभाजी खाल्ली की जखम ओली राहते. आईनं सगळं ऐकलं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. आमच्या शिवेवरच्या वाघोबापुढं जाऊन तिनं शब्द दिला की पाय बरा होईस्तोवर यातलं काहीही तोंडात घालणार नाही. पाच वर्षं! सकाळी तांदळाची पातळ पेज, दुपारी नागलीची अर्धी भाकर आणि मीठ-मिरची, संध्याकाळी पुन्हा पेज. जव्हारला माझ्या खोलीतही हेच. ती मला वाढायची, मी पुस्तकात डोकं घालून जेवायचो, आणि "तू जेवलीस का?" याला ती "व्हय" म्हणायची. मी तिच्या जखमेवर दिवसातून दोन वेळा वाकत होतो. तिच्या ताटात मी एकदाही वाकून पाहिलं नाही.

माझ्या तोंडातला घास तिथंच राहिला. पण मी काही बोलायच्या आतच पंगतीच्या टोकाकडून एक आवाज आला, असा खणखणीत की गुरांनीसुद्धा माना वळवल्या.

"खुळी हायेस का तू?"

एक म्हातारी उठून आली. काळीसावळी, सडपातळ, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, खांद्यावर गाठोडं. ती त्या पाड्याची नव्हती. सूर्यमाळची, तिकडच्या इंग्रजी हद्दीतली. रखमी तिचं नाव. लेकीकडून परत जाताना तीही आमच्यासारखीच शिवेवर अडकली होती. तिनं आईसमोर उजवा पाय पुढं केला. नडगीवर, घोट्यापासून वीतभर, गुळगुळीत चकाकणारा वण होता.

"हे बघ. तुझ्यापरीस मोठं होतं. तीन वरसं मीबी पेजच प्याली. मोखाड्याच्या दवाखान्यात पट्टी बांधणारा एक म्हातारा होता. त्यानं एक दिस माला इचारलं, आजी, ह्या पायातून रोज काय गळतं? मी म्हटलं, पाणी. तो म्हणला, पाणी नाय, तुझंच मांस गळतंय. जेवढं गळतं तेवढं आत घालशील तर भरंल. नाय घातलंस तर मी जलमभर पट्टीच बांधीन."

आई पुटपुटली, "पण पू..."

"पू, पू! खाचराचा बांध फुटला तर काय करतेस? माती घालतेस का पाणी ओततेस? पाच वरसं तू फुटक्या बांधात पाणी ओततेस, आन् वरनं म्हणतेस, बांध का धरत नाय!"

मी तुम्हाला सांगतो, मी कॉलेजात मोठमोठ्या विद्वानांची व्याख्यानं ऐकली. त्या चार वाक्यांसारखं एकही माझ्या डोक्यात असं लख्ख शिरलं नव्हतं. माझा सगळा राग, सर्जन, उरलेले कोस, कुठल्या कुठं गेलं. आईचे विरळ झालेले केस, तिच्या ओठांच्या फुटलेल्या कडा, दुसऱ्या, बिनजखमेच्या पायावरचीही सूज, हे सगळं मी वर्षभर बघत होतो आणि ते मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

पण आई हलेना. "तू म्हणतेस ते खरं असंल बाय. पर मी देवाला शब्द दिलाय. पाय जावा, शब्द नाय जायचा."

आता यावर बी.ए. काय बोलणार? मी "देव वगैरे काही नसतं" म्हटलं असतं तर ती उठून डोलीत बसली असती आणि पाय कापून घ्यायला गेली असती. मला ते पक्कं ठाऊक होतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच अगदी रिकामा झालो. आणि काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या शेंदरी फळीकडं माझी नजर गेली आणि मनातल्या मनात मी म्हणालो, मला येत नाही. तूच कर.

त्या पाड्याचा भगत वाघोबाजवळच बसला होता. तो उठला, मूठभर तांदूळ घेतले, आईसमोर बसला आणि कौल घ्यायला जमिनीवर दाणे टाकून जोड्या लावू लागला. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मी श्वास धरून बघत होतो. दाणे लावता लावता त्यानं सहज विचारलं, "तू देवाला काय म्हणलीस?"

"खाणार नाय म्हणले."

"आन् देव काय म्हणला?"

आई गोंधळली. "देव... देव काय नाय म्हणला."

"म्हंजे 'नको खाऊ' असं त्यानं सांगितलं नाय."

"नाय."

"मग हा शब्द तुझ्या एकलीचाच. पाच वरसं त्यो तुझ्याकडं बघतोय, की ही बाय माझं अन्न का ढकलते." भगतानं दाणे गोळा करून वाघोबाच्या पायथ्याशी टाकले. "हा तुझा शब्द त्याच्या पायाशी ठेवला. आता त्याचा. आज त्याच्या शिवेवर तू पाव्हणी हायेस. त्यानं वाढलेलं पान परत करायचं, का खायाचं, ते तू सांग."

त्यानं देवापुढच्या पानातलं कोंबडीचं काळीज उचललं, भाकरीच्या तुकड्यावर ठेवलं आणि आईच्या हातावर दिलं. सगळी पंगत थांबली होती. आईनं फळीकडं पाहिलं, हात कपाळाला लावला आणि घास तोंडात घातला. ती चावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रखमी तिच्या पाठीवर थापट्या मारत म्हणत होती, "हळू, हळू. पाच वरसांचं एका घासात नाय भरायचं." मी उठलो आणि त्या लाकडी फळीपुढं आडवा पडलो. माझा कोट मातीनं भरला. थोरला गुराखी म्हणाला, "बघा, बी.ए. पडला!" पुन्हा सगळे हसले, आणि या वेळी मीही हसलो.

गुरं शीव ओलांडून गेली तेव्हा ऊन कललं होतं. आम्ही रात्र वाटेत एका ओळखीच्या घरी काढली आणि सकाळी जव्हारला पोचलो. सर्जन पहाटेच मोटारीनं डहाणूच्या स्टेशनकडं गेले होते. मी दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसलो. डोलीतून आईचा आवाज आला, "बस रे, बस. वाघोबाला माझा पाय नको होता म्हणून त्यानं बांबू मोडला." मी वाद घातला नाही. तो बांबू निघायच्या दिवशी मोडला नसता, तर आम्ही वाघबारशीच्या आधीच त्या शिवेवरून पुढं गेलो असतो, एवढं मात्र मी विसरू शकत नाही. त्याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा.

डॉक्टरांना मी आईचं पथ्य सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "मी कधी पथ्य सांगितलं होतं? पण मीही विचारलं नाही, ही माझी चूक." त्यांनी आईचं वजन घेतलं, लघवी तपासली, साखर नाही अशी खात्री केली, मग मला समोर बसवून शाळेतल्या मुलासारखं समजावलं. नवी कातडी हवेतून येत नाही, जेवणातून येते. अंडी, मासळी, मटण, डाळी यांनी मांस भरतं. आवळ्यासारखं आंबट फळ आणि पालेभाजी यांनी ते धरून राहतं. पोटभर भात-भाकर लागते, नाहीतर शरीर हे सगळं जळणासारखं जाळून टाकतं. "मात्र नुसतं खाऊन भागणार नाही, मास्तर. जखम रोज स्वच्छ करायची, बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी घट्ट बांधायची, बसताना पाय उंचावर ठेवायचा. ताप चढला तर एक दिवसही न थांबता आणायचं. सर्जन फाल्गुनात पुन्हा येतील. तोवर सुधारला नाही तर मात्र पाय काढावा लागेल."

फाल्गुन! म्हणजे चार महिने. मी शाळेतून जमेल तितकी रजा काढली. बाकीच्या वेळी देऊकाकाची बायको आईजवळ राहिली, आणि मी दर शनिवारी शाळा सुटली की पाड्याकडं चालत सुटायचो.

आणि मग जी धांदल उडाली! नुकताच काढलेला उडीद होता, त्याची आमटी. ओढ्यातले खेकडे ठेचून, गाळून त्याचा रस. सवऱ्या बांबूच्या झिल्यातून, म्हणजे ओढ्यात लावलेल्या सापळ्यातून, मासे आणायचा. जव्हारच्या बाजारातून मी सुकट न्यायचो. कोंबडीचं एक अंडं सकाळी, एक संध्याकाळी. शेवग्याचा पाला, खुरासणीची चटणी, तूर आल्यावर तुरीच्या हिरव्या शेंगा, आणि रानातले आवळे मिठाबरोबर. दूध तेवढं आई घेईना. गाईचं दूध वासराचं, असं आमच्यात मानतात, तिथं मी जोर केला नाही. पाड्यावर चेष्टा सुरू झाली. "बी.ए. होऊन आलाय आन् आयसला कोंबड्या चारतोय." "मोठा डाक्टर! उद्या वाघालाबी आवळे चारील."

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. पोटाला सवय नव्हती, आईला जुलाब झाले. जखम तशीच, उलट जास्त गळते आहे असं वाटू लागलं. त्याच जाणत्या बाया येऊन म्हणाल्या, बघ, शब्द मोडलास, देव कोपला. मी घाबरलो. खरंच घाबरलो. एका शनिवारी संध्याकाळी मी आईला म्हणालो, "आये, थोडे दिवस पेजेवरच राहू या का? पोट तरी ठीक होईल."

ती म्हणाली, "तू शिकलेला ना? पंधरा दिसात भात तरी पिकतं का? मी आता हिशेब सोडलाय. मन त्याच्या पायाशी ठेवलंय, पोट तुझ्या हाती दिलंय. तू का कापतोस?" आणि तिनं उडदाच्या आमटीची वाटी पुढं ओढली. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा द्यायचं असं आम्ही ठरवलं, आणि पोट ताळ्यावर आलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पट्टी सोडली आणि मी ओरडलोच. "काकू! काकू, इकडं ये!" जखमेच्या पिवळट तळात लाल, ओले, बारीक दाणे उठले होते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे! वास जवळजवळ गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असा लाल तळ दिसला की समजा मांस भरतंय. मी स्वच्छ धुतलेलं पळसाचं पान जखमेच्या वरच्या बाजूला अंतरावर धरलं, कडेच्या आकाराचं कापलं आणि वहीत ठेवलं. पुढच्या शनिवारी दुसरं पान. पहिल्यावर दुसरं ठेवलं तर ते आत बसलं, चारी बाजूंनी कड मोकळी राहिली. आईला दाखवलं तर ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटू लागली. माघात पान अंगठ्याएवढं झालं होतं. ज्या बायांनी देव कोपला म्हटलं होतं, त्यांतली एक आपल्या नवऱ्याच्या पायाची जखम दाखवायला आली आणि जाताना हळूच विचारून गेली, "उडदानं खरंच पू धरत नाय ना रे?"

त्याआधी पौषात मी एक दिवस सूर्यमाळला जाऊन आलो. रखमीला लुगडं द्यायचं होतं, पाया पडायचं होतं. माझ्या मनात तिची मूर्ती देवीच झाली होती. ती अंगणात नागली पाखडत होती. मी पाया पडलो तशी ती मागं सरली. "उठ, उठ! देवी-बिवी काय नाय. शिवेवर अडकून माझं टाळकं फिरलं होतं, आन् त्यात तुझी आयस पान ढकलते बघून आणखीन राग आला. म्हणून बोलले." मग लुगडं हातात घेऊन, उलटसुलट बघून म्हणाली, "काठ बरा हाय. बरी हाय का ती?" बरी होते आहे म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि डोळे पुसले. त्या दिवसापासून मी कृपा कशी दिसते याची कल्पना करणं सोडून दिलं. ती रागावलेल्या म्हातारीसारखी दिसू शकते. मोडलेल्या बांबूसारखी, वाटेत आडव्या धरलेल्या काठीसारखीही दिसू शकते.

फाल्गुनात सर्जन आले. आई दवाखान्याच्या पायऱ्या चढून गेली, डोली नव्हती. त्यांनी पट्टी सोडली, जखम चिंचोक्याएवढी उरली होती. त्यांनी आमच्या डॉक्टरांकडं पाहिलं. "हाच तो पाय?" डॉक्टर नुसते हसले. मी वहीतली पानं काढून टेबलावर ओळीनं मांडली. सर्जननी ती एकावर एक ठेवून पाहिली, आणि आईला विचारलं, "बाई, काय केलंत?"

आई म्हणाली, "जेवले."

तेही हसले आणि मान हलवत म्हणाले, "तसंच जेवत राहा. पट्टी सोडू नका."

मी शिकलो, म्हणून मला वाटायचं की मला सगळं करता येतं. मी औषध आणलं, पट्ट्या आणल्या, डोली बांधली, पण माझ्याच घरातलं ताट मला दिसलं नाही. ते दिसण्यासाठी आधी मला अडवावं लागलं, पंगतीत माझं हसं व्हावं लागलं आणि अगदी रिकामं करावं लागलं. आईनं आपला शब्द देवाच्या पायाशी सोडला आणि त्यानं वाढलेलं हात पसरून घेतलं. मी फक्त तिच्याकडून ते शिकलो. धरून ठेवणं मला आधीपासून येत होतं, सोडून देणं त्या शिवेवर आलं. त्या वाघोबाचे, त्या भगताचे, सूर्यमाळच्या त्या म्हातारीचे आणि आमच्या डॉक्टरांचे माझ्यावर जे उपकार आहेत, ते फिटणारे नाहीत, आणि फेडायची घाईही मला नाही.

वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात आईची जखम पूर्ण बंद झाली. त्यावर नवी, पातळ, गुलाबी कातडी आली. पाय कापावा लागला नाही, आणि त्याच पायांनी आई ओढ्यावरून पाणी घेऊन घरी आली.